उचल आधी येते, काम मागून

आमच्याकडे पाऊस कमी नाही. पेठ-सुरगाण्याच्या या पट्ट्यात वर्षाला २००० मिलिमीटरच्या घरात पाणी पडतं आणि दमणगंगा, पार, नार यांच्या खोऱ्यांतून गुजरातकडे निघून जातं. खाली काळा पाषाण, वर वीतभर माती. भात, नागली, वरई, खुरासणी घरात आली की शेतात करण्यासारखं काही उरत नाही. मग दिवाळीनंतर घरांना कुलपं लागतात आणि माणसं दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांकडे जातात. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, शेवटी खुडा. मार्च-एप्रिलपर्यंत बागेच्या कडेला ताडपत्रीच्या खोपीत मुक्काम, आणि सोबत पोरंही. लग्न होऊन इथे आले तेव्हा सुरुवातीची वर्षं मीही गेले आहे, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

पुढे बचत गटात आले, बारावी झालेली म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्याच कारणाने ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाची, सचिव झाले. २०२३ च्या हिवाळ्यात उमेदकडून, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाकडून, गाव दारिद्र्य निर्मूलन आराखडा करायचा निरोप आला. आधी प्रत्येक गट आपल्या घरांचे फॉर्म भरतो, ग्रामसंघ ते एकत्र करतो आणि ग्रामसभेत देतो; तिथून ते ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जायला हवं. कोणाला रेशनकार्ड नाही, कोणाची पेन्शन अडली, कोणाला काय धंदा करायचाय, गावाला सार्वजनिक काय हवंय, असं सगळं त्यात येतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा आम्हाला तो आणखी एक फॉर्मच वाटला. असे फॉर्म आम्ही किती भरलेत!

फरक पडला तो सीआरपी ताईंमुळे, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या अभियानाच्या ताईंमुळे. त्या म्हणाल्या, फॉर्म नंतर, आधी पाडा काढा. शाळेच्या ओट्यावर रांगोळीने पाडा काढला. रस्ता, विहीर, मारुती, आणि एकेक घर. ज्या घरातून माणसं बागेला जातात तिथे उडदाचा दाणा, ज्या घराकडे रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे तिथे तुरीचा. ठेवून झाल्यावर सगळ्या वाकून बघत राहिलो. बहुतेक घरांपुढे दोन्ही दाणे होते. म्हणजे शंभर दिवस काम मागायचा कागद घरात होता आणि तरी घर बाहेर जात होतं. मी म्हटलं, असं का? तर आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "अगं, कार्ड पेटीत राहतं. उचल हातात येते."

सगळी गोम तिथेच होती. दसऱ्याच्या सुमाराला टोळीचा मुकादम पाड्यावर येतो, दर जोडप्यामागे उचल देतो. त्यातून दिवाळीचा किराणा, कपडे, दवाखान्याची उधारी, बियाण्याचं देणं भागतं. एकदा उचल घेतली की ती फिटेपर्यंत माणूस त्याचा. रोजगार हमीचं उलटं असतं. आधी मागणी, मग काम, आठवड्याचं हजेरीपत्रक बंद होणार, मोजमाप होणार आणि त्यानंतर पैसे. कायद्यात पंधरा दिवस लिहिलेत, तेवढ्यात मिळाले तरी काम सुरू केल्यापासून पहिला रुपया हातात यायला तीन-चार आठवडे. दिवाळी काय तोवर थांबते? "गावात काम द्या म्हणजे स्थलांतर थांबेल" असं भाषणात सगळे म्हणतात, पण काम आणि पैसा यांच्यामधल्या त्या महिन्याचं कोणी बोलत नाही.

म्हणून आमच्या आराखड्यात दोन गोष्टी जोडून लिहिल्या. एक, भातखाचरांची मजगी (उतारावर सपाट खाचरं पाडणं) आणि बांधबंदिस्ती, म्हणजे स्वतःच्याच शेतात रोजगार हमीचं काम. दोन, दिवाळीआधी वाटायला गटाचं कर्ज. सार्वजनिक कामात बायकांनी एकमताने एकच गोष्ट घातली: विहिरीला कठडा आणि पायऱ्या. मे महिन्यात आमच्या विहिरीच्या तळाला उतरून वाटीने पाणी भरावं लागायचं. तेव्हा उतरायचं कशावरून, तर दगडांच्या खाचांत पाय रोवून. गरोदर बाईलाही तसंच.

महिला सभेत ठराव झाला, आणि २०२४ च्या २६ जानेवारीला ग्रामसभा. सरपंच दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विहिरीचं पुढच्या वर्षी बघू वहिनी, यंदा देवळापुढे पेव्हर ब्लॉक बसवून घेऊ. गावाला शोभा येते." पेव्हर ब्लॉक आमच्याकडच्या प्रत्येक आराखड्यात असतात. पाणी जिरू न देणारी वस्तू पाण्यासाठी तडफडणाऱ्या गावाला एवढी का आवडते, मला कळलेलं नाही. पण त्या दिवशी भांडण झालं नाही, कारण सीआरपी ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं: पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के पैसा बंधित असतो, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. त्यातून पेव्हर ब्लॉक बसतच नाहीत. मी ग्रामसेवकांना तेवढंच विचारलं, "भाऊसाहेब, बंधितमधून विहीर घ्यायला अडचण काय?" भाऊसाहेबांनी सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी चहा मागवला. विहीर यादीत आली. (पेव्हर ब्लॉकही आले, अबंधितमधून. असो.)

त्यापेक्षा जास्त वेळ इतिवृत्तावर गेला. भाऊसाहेबांनी आमच्या सगळ्या मागण्या "महिलांनी विविध मागण्या मांडल्या" अशा एका ओळीत बसवल्या होत्या. काकूंनी सही करायला नकार दिला. त्यांना लिहिता येत नाही, पण किती ओळी लिहिल्यात ते मोजता येतं. मग जमिनीचा गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, कामाचा प्रकार, असं एकेक लिहून घेतलं आणि पानाचा फोटो काढला. पुढे तालुक्याला जेव्हा "असा ठराव दिसत नाही" असं ऐकायला मिळालं, तेव्हा तो फोटो उपयोगी पडला.

वनपट्ट्यांवरून मात्र बरंच अडलं. आमच्यातल्या कित्येकांकडे वनहक्काचीच जमीन. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या लाँग मार्चमध्ये आमच्या पाड्याची माणसं होती, ती याच पट्ट्यांसाठी. आता पट्टा मिळाला तर टेबलावर सातबारा मागायला लागले. वनपट्ट्याच्या प्रमाणपत्रावर रोजगार हमीचं काम घेता येतं. उलट त्या जमिनीशिवाय दुसरी जमीन नसलेल्या आदिवासी कुटुंबाला तेव्हा वर्षाला १०० च्या जागी १५० दिवस मिळू शकत होते. हे आम्ही सांगायचं आणि त्यांनी "साहेबांना विचारतो" म्हणायचं, असं बरंच चाललं. शेवटी अंदाजपत्रकं झाली, मान्यता मिळाल्या, कामं शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, आली. ती पावसाळ्याच्या तोंडावर आली हे बरंच झालं, कारण आम्हाला काम दिवाळीनंतरच हवं होतं.

आता उचलीचं. गटांना समुदाय गुंतवणूक निधी मिळाला होता, गटामागे ६०,००० रुपये, शिवाय आमची स्वतःची बचत. एरवी हा पैसा शेळी, शिलाई मशीन, किराणा दुकान अशा "उत्पन्नाच्या" कारणाला द्यावा असं सांगतात. दिवाळीच्या खर्चाला कर्ज द्यायचं म्हटल्यावर बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, हे तर खाऊन टाकायचं कर्ज झालं. माझं म्हणणं होतं, मुकादमाची उचलही खाऊनच टाकतो ना आपण, फक्त ती फेडायला घर सोडावं लागतं. अखेर ठरलं: जे घर नमुना ४ भरून देईल त्यालाच, महिना एक टक्का व्याजाने, आणि पहिली मजुरी खात्यावर आली की पहिला हप्ता. रक्कम मुकादमाइतकी मोठी नव्हती. दिवाळी निघेल एवढी होती.

नमुना ४ म्हणजे कामाची मागणी. तो द्यायचा आणि तारीख टाकलेली पोच घ्यायची. पोच नसेल तर आपण काम मागितलंच नाही असं धरलं जातं. पोच असेल तर पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेरोजगार भत्ता: पहिले ३० दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, पुढे निम्मा. भत्ता मिळालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, पण पोच हातात असली की बोलण्याचा सूर बदलतो हे पाहिलंय.

आणि नेमकी १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. झालं! "आता २३ नोव्हेंबरच्या निकालानंतर या." आमच्यातल्या निम्म्या जणी तिथेच खचल्या. मुकादम पाड्यावर येऊन बसलेलाच होता. सीआरपी ताईंनी तालुक्याला फोन लावला, तिथल्या एका भल्या माणसाने सांगितलं की शेल्फवर आधीच मंजूर असलेलं काम, मजुरांची मागणी आली आणि चालू काम पुरत नसेल तर, आचारसंहितेत सुरू करता येतं. नवी घोषणा आणि नवी मंजुरी तेवढी नको. आमच्याकडे मंजुरी उन्हाळ्यातली होती. सगळ्या पोच घेऊन काकूंसह गेलो. काकू टेबलापुढच्या खुर्चीत बसल्या आणि उठल्याच नाहीत. हजेरीपत्रक निघालं, काम सुरू झालं.

कामाचे दिवस चांगले गेले. दिवसात दोनदा ॲपवर फोटोची हजेरी लागायची. पाड्यावर रेंज नाही, म्हणून रोजगार सेवक दादा फोटो काढून टेकडीवर चढायचे आणि तिथून अपलोड करायचे. त्या वर्षी मजुरी २९७ रुपये होती, पण ती पूर्ण काम मोजलं गेलं तर. पहिल्या आठवड्याचं मोजमाप कमी आलं. खाली मुरूम कडक होता आणि मोजणाऱ्याने ती सगळी माती धरली होती. पुढच्या मोजणीला आम्ही टेप स्वतः धरली, चरात उतरून कडक थर दाखवला, वेगळा लिहून घेतला. दर वेगळा असतो. हे कोणी आपणहून सांगत नाही.

पैसे आले तेव्हा गंमत झाली. बायकांचे सगळे आले, पुरुषांचे अडकले. लाडकी बहीणच्या १५०० रुपयांसाठी बायकांनी पावसाळ्यात बँकेच्या रांगा लावून आधार जोडून घेतलं होतं. पुरुषांचं आधार कुठे जोडलंय ते त्यांनाच माहीत नव्हतं. माझ्या दिरांची मजुरी सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या कुठल्याशा पेमेंट बँकेच्या खात्यात जाऊन बसली होती. असं खातं आपल्या नावावर आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. आता मी आधीच सांगते: नमुना ४ भरण्यापूर्वी आधार शेवटचं कोणत्या खात्याला जोडलंय ते तपासा, कारण पैसा तिकडेच जातो.

विहिरीचा कठडा आणि पायऱ्या २०२५ च्या उन्हाळ्यात झाल्या. पाणी वाढलं नाही, उतरणं सोपं झालं. पाण्यासाठी वेगळं काही करावं लागेल आणि ते वरच्या वनजमिनीवर करावं लागेल. तो पुढचा झगडा आहे.

आराखड्यात लिहिलेलं सगळं झालं असंही नाही. एका आजींची निराधार पेन्शन अजून अडकली आहे. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद तेव्हा केली नव्हती, आणि वर्ष उलटून गेलेली नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून होत नाही. शेळ्यांची मागणी कुठे गेली ते कळलं नाही.

आणि बागा. पहिल्या वर्षी बरीच घरं थांबली, तर पुढच्या दसऱ्याला मुकादमाने उचल वाढवली. काही घरं गेली. मला त्यांना नावं ठेववत नाहीत. बागेतल्या उक्त्यात, म्हणजे ठरवून घेतलेल्या ठोक कामात, नवरा-बायको मिळून जेवढं पडतं तेवढं इथल्या हजेरीत पडत नाही, आणि लग्न किंवा आजारपण निघालं की हिशोब बदलतो. आधी दुसरा पर्याय नव्हता म्हणून उचल घेत होते, आता भाव करून घेतात. जाणाऱ्यांच्या पोरांना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळवून द्यायचं, म्हणजे बागेजवळच्या शाळेत त्यांना बसवून घेतील, हे नव्या आराखड्यात घातलंय. मुख्याध्यापक सर दसऱ्याच्या आत यादी द्या म्हणतात. मुकादमही त्याच सुमाराला येतो, तेव्हा यादी त्याच्या आधी करावी लागणार.