तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चच्या लायब्ररीत कोणती पुस्तकं ठेवायची?

"आमच्या मंडळीत लायब्ररी सुरू करायचीय, पुस्तकांची एक यादी द्या ना." कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या चर्चची लायब्ररी सांभाळायला लागले, तेव्हापासून हे मला सारखं विचारलं जातं. कामठीहून फोन येतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं कुणी विचारतं. यादी मी देत नाही. यादीबरहुकूम पुस्तकं येतात, नारळ फुटावा तशी फीत कापली जाते, कपाटाला कुलूप लागतं आणि ते नाताळच्या साफसफाईलाच उघडतं. असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

आधी आपली मंडळी डोळ्यांसमोर आणा. उपासनेनंतर आवारात कोण कोण उभं असतं? एकीचा नवरा पितो आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यासमोर कुणी बोलत नाही. एका घरात तरुण मुलगा गेलाय. अकरावीतल्या पोराला जीवशास्त्रातली उत्क्रांती आणि बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा पहिला अध्याय यांचा मेळ घालता येत नाही आणि रविवार शाळेत विचारलं तर "श्रद्धा ठेव" एवढंच ऐकायला मिळतं. कुणाच्या मुलीनं दुसऱ्या धर्मातला मुलगा पसंत केलाय. कुणाला झोप येत नाही, डॉक्टरांच्या गोळ्या सुरू आहेत आणि ते घरातही सांगितलेलं नाही. ही माणसं पाळकसाहेबांकडे जात नाहीत, संकोच आड येतो. पुस्तकाकडे मात्र जातात. चर्चची लायब्ररी मुळात यांच्यासाठी हवी, असं माझं ठाम मत आहे. पुस्तकांची निवड इथून सुरू करा. दुःख, व्यसन, नैराश्य, संसार, म्हातारपण, शंका अशा प्रत्येक विषयावर मराठीत एक तरी चांगलं, पातळ, हातात मावेल असं पुस्तक मिळवा. ते ख्रिस्ती लेखकाचंच हवं असा हट्ट नको. व्यसनमुक्तीवर आणि मनाच्या आजारांवर मराठीत डॉक्टरांनी लिहिलेली चांगली पुस्तकं आहेत.

या पुस्तकांची देवघेव कशी करायची, यावर सगळं अवलंबून आहे. जुन्या पद्धतीत पुस्तकाच्या मागच्या पाकिटात एक कार्ड असतं आणि त्यावर नेणाऱ्यांची नावं एकाखाली एक लिहिलेली असतात. व्यसनावरच्या पुस्तकाच्या कार्डावर आपलं नाव पुढच्या वाचकाला दिसणार असेल, तर ते कोण नेईल? म्हणून आमच्या कार्डावर फक्त सभासद क्रमांक असतो. क्रमांक कुणाचा, ते एका वहीत आहे आणि ती वही माझ्या पिशवीत असते. शिवाय एका खणावर "नोंद न करता न्या" अशी पट्टी लावली आहे. त्यात पुस्तिका आणि पातळ पुस्तकं असतात. त्यातली बरीचशी परत येत नाहीत. येऊ नयेत. कुणाच्या तरी उशाशी ती पडलेली असतील, तर आपलं काम झालं.

मराठीचा मी एवढा आग्रह का धरते, असंही विचारतात. नागपुरात मराठी, हिंदी, इंग्रजी, तेलुगू, मल्याळम अशा सगळ्या भाषांत उपासना होतात, म्हणून हिंदी-इंग्रजीचाही एकेक खण असू द्या. पण मराठी मंडळीतली आजी मराठीतच वाचते आणि मराठी ख्रिस्ती साहित्य आपल्याला वाटतं त्याहून जुनं आणि मोठं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. साध्या बायांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत धरतात, पण ती न वाचलेली ख्रिस्ती घरं मी मोजत नाही, वाईट वाटतं. 'स्मृतिचित्रे'च्या दोन प्रती घ्या, एक नेहमी बाहेरच असेल. बायबलच्या मात्र निदान तीन प्रती हव्यात: पारंपरिक भाषांतर, सोप्या मराठीतलं भाषांतर आणि मोठ्या टायपातला नवा करार. मोतीबिंदू झालेल्या माणसाला तो मोठा टाइप किती मोलाचा वाटतो, ते प्रत्यक्ष पाहावं.

इंग्रजीतून मराठीत आणलेल्या पुस्तकांना मी एक चाचणी लावते. मधलंच एखादं पान उघडायचं आणि मोठ्यानं वाचायचं. वाचताना जीभ अडखळली, वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरली, तर ते पुस्तक ठेवून द्यायचं, लेखक कितीही नामवंत असो. दुकानदार जरा चमकून बघतो, बघू द्यावं.

आता सर्वांत अवघड विषय, देणगीत आलेली पुस्तकं. घोषणा झाली की पुढच्या रविवारी खोकी येऊ लागतात. एक खोकं उघडलं की काय निघतं ते सांगते: वर बांधणी सुटलेलं इंग्रजी भाष्य, त्याखाली मुलाची इंजिनिअरिंगची गाइडं, तीन वर्षांपूर्वीचं दैनंदिन वचनांचं कॅलेंडर, जुनी मासिकं आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आजोबांच्या हस्ताक्षरातल्या खुणांनी भरलेली गीतांची वही. ती वही सोनं आहे. बाकीचं बहुतेक रद्दी. पण देणाऱ्याला ते कसं सांगायचं? आधीच एक छोटा कागद छापून ठेवायचा: "मंडळीला उपयोगी पडतील ती पुस्तकं ठेवू, उरलेली इतरांना देऊ, परत मागू नये." सही घेऊनच खोकं उतरवायचं. दिवंगत माणसाच्या नावानं कपाट द्यायला लोक उत्सुक असतात. त्यांना प्रेमानं सांगा की कपाट एक पुरे आहे, त्या पैशांतून पुस्तकं घेऊ आणि प्रत्येकावर "यांच्या स्मरणार्थ" अशी चिठ्ठी चिकटवू. नाव घरोघरी जातं.

नकार मात्र ठामपणे द्यायचा तो दोन प्रकारच्या पुस्तकांना. औषधं बंद करा, प्रार्थनेनंच बरे व्हाल, असं सांगणारं पुस्तक माझ्या कपाटात येणार नाही. ते वाचून कुणी इन्शुलिन थांबवलं तर जबाबदार कोण? आणि दुसऱ्या धर्माची टिंगल करणारंही नको. शेजारी काय मानतात ते शेजाऱ्यांच्याच शब्दांत वाचावं. ज्या शहरात १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तिथल्या चर्चच्या लायब्ररीत बुद्धचरित्र नसावं, हे मला पटत नाही. दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांच्या स्टॉलवर केवढी झुंबड उडते ते बघा, आणि मग म्हणा की लोक वाचत नाहीत. निवडीवरून वाद होतातच, म्हणून तिघांची समिती करा: पाळक, एखादी शिक्षिका आणि तरुण संघातलं कुणीतरी. निवडीचे नियम पहिलं पुस्तक विकत घेण्याआधी एका पानावर लिहून काढा.

वर्गीकरणाची फार धास्ती घेऊ नका. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची जी ड्यूई दशांश पद्धत आहे, तीत २०० हा धर्माचा वर्ग आहे आणि त्यातले २२० ते २८० हे ख्रिस्ती विषयांना दिलेले आहेत, बायबल २२०, ख्रिस्ती धर्मविचार २३०, चर्चचा इतिहास २७०. इतर ग्रंथालयांना ही विभागणी एकांगी वाटते, आपल्याला ती आयती उपयोगी पडते. पाठीवर क्रमांक लिहा आणि फळीवर साध्या मराठीत पट्टी लावा. दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदवतात ती वही, मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

कपाट काचेच्या दारांचं, लोखंडी घ्या, भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर. नागपूरचा मे महिना बांधणीचा डिंक वाळवतो आणि पावसाळ्यात ओल येते. वाळवीला भिंत लागली की ती पुस्तकांपर्यंत पोचतेच. आणि कपाट वेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीत, नको. चहाच्या टेबलाकडे जाण्याच्या वाटेवर ठेवा, म्हणजे माणूस जाता जाता थांबेल.

एक फळी नागपूरची असू द्या. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची गाणी उतरवून घेतली, इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा केले आणि १८६३ मध्ये ते पाण्यात बुडून वारले. आपल्या मुलांना ते फक्त हिस्लॉप कॉलेजच्या नावापुरते माहीत आहेत. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, ती नागपुरातच. त्या दिवशी हजर असलेली माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडे त्या वेळच्या पत्रिका, फोटो, मंडळ्यांच्या जुन्या स्मरणिका असतील. बाप्तिस्म्याच्या मूळ वह्या चर्चच्या तिजोरीतच राहू देत, पण स्मरणिका आणि फोटोंच्या प्रती करून घ्या आणि फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा. हे काम पुस्तकांच्या खरेदीआधी उरका. पुस्तकं पुढच्या वर्षीही मिळतील.