तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा-मांजरांसकट भाड्यानं घर मिळतं कसं?

"एक कुत्रा, दोन मांजरं आणि घर भाड्याचं. जमवता कसं हो? मॅनेजर काही म्हणत नाही?" हे मला इतक्या वेळा विचारलं जातं, की उत्तर एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. विचारणाऱ्यांचे दोन गट असतात. एकांना कुत्रा आणायचाय पण घरमालकाची धास्ती आहे. दुसऱ्यांनी आणून झालाय, आणि मॅनेजर लिफ्टपाशी दिसला की ते जिन्यानं जातात. माझं बरंचसं सांगणं या दुसऱ्यांसाठी आहे.

इमारतीच्या मॅनेजरचं तुमच्या कुत्र्याशी वाकडं नसतं, त्याचं वाकडं फोनशी असतं. खालच्या मजल्यावरून फोन, आवाज येतो. शेजारून फोन, वास येतो. मालकाचा फोन, हे काय चाललंय तिकडे? प्राणी म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर गोंडस पिल्लू येत नाही, हे तीन फोन येतात. या भाडेकरूमुळे आपलं काम वाढणार का, एवढाच त्याचा हिशोब. हे लक्षात आलं की "आमचा भुऱ्या अगदी शांत आहे हो" हे वाक्य आपण आपोआप बोलेनासे होतो. ते प्रत्येकच कुत्रेवाला म्हणतो. ज्याचा कुत्रा भुंकतो तो तर जरा जास्तच ठासून म्हणतो.

म्हणून पहिल्या भेटीला मी फाइल नेते. रेबीजची लस कधी दिली आणि पुढची कधी आहे, जंताचं औषध, नसबंदीचा दाखला, ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा 15 अंकी नंबर, तिघांचा एकेक फोटो. नसबंदीच्या कागदावर अनुभवी मॅनेजर बरोबर थांबतो. नसबंदी न झालेला बोका हद्द आखायला भिंतींवर मूत फवारतो, आणि तो वास ज्यानं एकदा निस्तरलाय तो विसरत नाही. पण सगळ्यांत वजनदार कागद म्हणजे आधीच्या घराच्या मॅनेजरची चिठ्ठी. तिच्यात आपले गोडवे नकोत. "या भाडेकरूच्या प्राण्यांबद्दल तक्रार आली नाही आणि घर सोडल्यावर डागडुजी करावी लागली नाही" एवढंच हवं. एका मॅनेजरचं ऐकतो तर दुसरा मॅनेजरच.

फाइल बघूनही नाही म्हणणारे भेटतातच. त्यांच्याशी हुज्जत घालत बसत नाही, पुढचं घर बघते. नाइलाजानं हो म्हणणाऱ्याकडे राहणं हे साफ नाही म्हणणाऱ्यापेक्षा महाग पडतं.

लपवाछपवीबद्दल फार लिहीत नाही. वॉचमनला पहिल्या दिवशी कळतं, झाडणाऱ्या मावशींना दुसऱ्या दिवशी, आणि मॅनेजरला या दोघांकडून.

"पण कायदा आपल्या बाजूनं आहे ना?" हा पुढचा प्रश्न. कुठे आहात त्यावर आहे. फ्रान्समध्ये राहत्या घराच्या करारात "पाळीव प्राणी नकोत" अशी अट घातली तरी 1970 च्या कायद्यामुळे ती लिहिलीच नाही असं धरतात, अपवाद धोकादायक ठरवलेल्या कुत्र्यांचा. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात भाडेकरारातली अशी अट रद्दबातल असते. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सांगितलं, की छापील करारात कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, प्रत्येक घराचा वेगळा विचार करावा लागेल. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 2020 पासून मालकाला नाही म्हणायचं असेल तर 14 दिवसांत लवादाकडे जावं लागतं. भारतात प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, की रहिवाशांच्या संघटनेला बहुमताच्या जोरावरही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण घर कोणाला भाड्यानं द्यायचं हे अखेर मालकच ठरवतो. आपल्याकडचा नियम माहीत हवाच. तरी पहिल्याच भेटीत कायद्याचं पुस्तक उघडणारा भाडेकरू मॅनेजरला कसा दिसत असेल, याचा जरा विचार करा. कलमं मी पाठ ठेवते, तोंडावर आणत नाही.

परवानगी मात्र लेखी. "हो हो, ठेवा की" ही परवानगी त्या मॅनेजरच्या मूडपुरती असते. करारात प्राण्यांची संख्या, जात, शक्य तर नावं आणि फोटोसुद्धा. नंतर एखादं वाढलं तर त्याची वेगळी पुरवणी, तारखेसकट आणि मालकाच्या सहीची.

आता आवाज, कारण निम्म्याहून जास्त भांडणं इथेच होतात. घरात प्राण्याचे आवाज दोन तऱ्हांचे असतात आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. भुंकणं हवेतून जातं, त्याला दाराखालची फट पुरते. नखांची टकटक, उडी, घरंगळणारा चेंडू हे सगळं स्लॅबमधून थेट खालच्यांच्या डोक्यावर उतरतं. भुंकण्यावर जाड गालिचा काही करत नाही आणि टकटकीवर दाराची रबरी पट्टी काही करत नाही. लोक भलत्याच जागी पैसे घालवतात आणि मग म्हणतात, एवढं केलं तरी तक्रार आहेच.

एकदा आमचा मॅनेजर संध्याकाळी दारात उभा. म्हणाला, "मॅडम, खालच्या ताई म्हणतात, पहाटे तुमच्याकडे कोणीतरी गोट्या खेळतं." मी म्हटलं, एक काम करू. तुम्ही खाली त्यांच्या बेडरूममध्ये जा, मी फोन चालू ठेवते. तो गेला. वरून मी भुऱ्याला चालवलं. "हे?" "नाही." रबरी चेंडू टाकला. "हे?" "किंचित." मग सोफ्याखालून मांजरांचा ऐवज उपसला, त्यात बाटलीचं एक पत्र्याचं झाकण निघालं. ते पॅसेजमधून सरपटत सोडलं आणि फोनवर ताईंचाच आवाज आला, "हेच! हेच ते!" मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यांत उत्साहात असतं, त्यामुळे मनीबाईंची मॅच भल्या पहाटे भरत होती. पॅसेजमध्ये खाली रबर असलेली सतरंजी आली, पत्र्याची झाकणं घरातून हद्दपार झाली. पण खरी कमाई वेगळी होती. मॅनेजरनं तो आवाज स्वतःच्या कानानं ऐकला आणि तो बंद झालेलाही पाहिला. पुढे दुसऱ्या कोणी "वर काहीतरी वाजतं" म्हटलं तेव्हा तो आधी आमच्याकडे आला नाही, पाण्याचा पाइप तपासायला गेला.

भुंकण्याचं प्रकरण अवघड, कारण आपण घरी नसताना काय होतं ते आपल्याला कळतच नाही. शेजारी म्हणतो दिवसभर भुंकतो, आपण म्हणतो छे, शक्यच नाही, आणि दोघंही अंदाजावर. मी जुना फोन रेकॉर्डिंग लावून घरी ठेवते. एकटेपणा सोसत नाही अशा कुत्र्याचा त्रास बहुतेक वेळा आपण गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो. दारावरच्या आवाजाला भुंकणारा कुत्रा मध्येच दोन मिनिटं भुंकतो आणि झोपतो. हे रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ वेगळं दिसतं. दुसऱ्या प्रकारासाठी कुत्र्याची गादी मुख्य दारापासून लांब, आतल्या खोलीत हलवली तरी बराच फरक पडतो. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला 40 हजारांच्याही पुढचं. आपल्याला लिफ्टचा आवाज येण्याआधी त्याला कळलेलं असतं की कोणीतरी येतंय. पहिल्या प्रकाराला मात्र वेळ द्यावा लागतो. काही सेकंद बाहेर जाऊन परत यायचं, मग मिनिटभर, मग पाच मिनिटं. गरज पडली तर प्राण्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. ओरडून किंवा मारून एकटेपणाची भीती जात नाही, वाढते. आणि या सगळ्यात मॅनेजरला सांगत राहायचं. काय सापडलं, काय करतोय, साधारण किती दिवस लागतील. शेजारी पुन्हा आला की त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. नाहीतर तो बिचारा दोन्हीकडून शिव्या खातो.

वासाबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी शिकून घ्यावी अशी आहे. मांजराचं मूत साबणपाण्यानं पुसलं की वास गेला असं वाटतं. मग दमट दिवस उजाडतो आणि तो परत येतो. त्यातलं युरिक ॲसिड पाण्यात सहज विरघळत नाही, त्याचे स्फटिक लाकडात, गालिच्यात, फरशीच्या सांध्यांत बसून राहतात. त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, आणि ते बाटलीवर लिहिलं असेल तितका वेळ ओलं राहू द्यावं लागतं. लोक दोन मिनिटांत पुसून घेतात आणि बाटलीला नावं ठेवतात. अमोनिया असलेलं क्लीनर नको, त्याचा वास मांजराला ओळखीचा वाटतो आणि ते पुन्हा तिथेच बसतं. ब्लीच तर मुळीच नको, लघवीशी त्याची प्रक्रिया होऊन घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा वायू निघतो.

यासाठीच मी ताब्याच्या दिवशी अतिनील किरणांची छोटी बॅटरी घेऊन जाते. खिडक्या बंद करायच्या, दिवे घालवायचे आणि भिंतीच्या कडेकडेनं फिरायचं. एका घरात मॅनेजर आधी हसत होता. मग हॉलच्या कोपऱ्यात पिवळट हिरवा ओघळ चमकला आणि त्यानं स्वतःच मोबाइल काढून फोटो घेतला. (चमकलेलं सगळं मूतच असतं असं नाही, कपड्यांच्या साबणाचे डागही चमकतात. नाक लावून बघावं लागतं. या कामात प्रतिष्ठा राहत नाही.) आधीच्या कुणाचा बोका तिथे राहून गेला होता. तो फोटो ताब्याच्या यादीला जोडला गेला, आणि घर सोडताना त्या कोपऱ्यावरून एक शब्दही झाला नाही. दारांच्या चौकटी, पडद्यांच्या दांड्या, खिडक्यांच्या जाळ्या यांचेही जवळून फोटो काढून त्याच दिवशी मॅनेजरला पाठवायचे. मांजरांचे ओरखडे नेमके तिथेच असतात.

मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली माती संडासात टाकू नका. पाकिटावर काही का लिहिलं असेना. गोळे होणारी माती बहुतेक बेंटोनाइटची असते आणि बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतं. आडव्या पाइपात ते बसलं की फक्त तुमचं नाही, तुमच्या खालच्यांचंही तुंबतं. हा फोन मॅनेजर जन्मभर विसरत नाही.

घरात प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन यायचा असेल तेव्हा मॅनेजरच्या पोटात खरा गोळा येतो. कुत्रा चावला तर जबाबदार कोण, मांजर पळालं तर कोण. म्हणून आमचं ठरलेलं आहे. येण्याआधी कळवायचं. माणूस यायच्या आधी तिघांनाही एका खोलीत बंद करायचं आणि दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावायचा: "आत प्राणी आहेत, उघडू नका." मी घरी असले तरीही. भुऱ्या माणसाळलेला आहे हे मला माहीत आहे, पाना घेऊन वाकलेल्या प्लंबरला माहीत नाही. आग लागली किंवा मी बाहेर असताना काही झालं तर आत कोण कोण आहे आणि फोन कुणाला करायचा, हेही मॅनेजरकडे लिहून दिलेलं आहे.

लिफ्टमध्ये कोणी आधीपासून असेल तर आम्ही थांबतो. आत असू तर भुऱ्या कोपऱ्यात आणि मी त्याच्या नि दाराच्या मध्ये. "काही करत नाही हो" असं म्हणत घाबरलेल्या माणसाच्या अंगावर कुत्रा नेणारे लोक बाकी सगळ्या प्राणीवाल्यांची घरं घालवतात. याबाबतीत मी अजिबात समजूतदार नाही.

घर सोडतानाची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. पिसवांचे कोष रिकाम्या घरात महिनोन्‌महिने पडून राहू शकतात. नवीन भाडेकरू आला, पावलांची हालचाल आणि अंगाची ऊब जाणवली, की त्यातून पिसवा बाहेर पडतात. त्याच्या घरी प्राणी नसतो, म्हणजे बोट कुणाकडे? तुमचे प्राणी वर्षभर औषधावर असले तरी सोडण्याआधी पेस्ट कंट्रोल करून घ्या आणि पावती मॅनेजरच्या हातात द्या. चिठ्ठी मागायचीही वेळ तीच. किल्ल्या देऊन झाल्यावर कोणाला आठवण राहत नाही.

राहिला प्रश्न, मॅनेजरच बदलला तर? बदलतात. सध्याच्या इमारतीतला जुना मॅनेजर गेला, नवीन आला, आणि पहिल्याच आठवड्यात रजिस्टर घेऊन दारात हजर. "तुमच्याकडे एकच मांजर लिहिलंय, इथे तर दोन दिसतायत." मी पुरवणीचा कागद आणून दिला. त्यानं तारीख बघितली, सही बघितली, रजिस्टरमध्ये एकाचे दोन केले आणि विचारलं, "ते राहू द्या, तुमच्या बाथरूमचं खाली गळतंय का हो?"