जुनी हायब्रिड घेताना सीट आणि क्रूझ कसा तपासला : माझा अनुभव

आधीच सांगतो, मी काही गाड्यांचा एक्स्पर्ट नाही. जालन्यात दुकान आहे, पोरगी नागपूरला शिकायला, आणि आई गावाकडं मंठ्याच्या बाजूला. म्हणजे माझ्या गाडीला दोनच रस्ते ठरलेले, एक समृद्धी महामार्ग आणि एक मंठा रोड, आणि ह्या दोन रस्त्यांचं आपसात काहीच जमत नाही. समृद्धीवर टू-व्हीलर नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, कारला 120 ची लिमिट, रस्ता असा सरळसोट की दुपारी डोळे मिटायला लागतात. आणि मंठा रोडवर सीझनमध्ये ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही.

नव्या गाडीचं बजेट नव्हतं, पण नागपूरच्या चकरांमुळं पेट्रोल लै जाऊ लागलं होतं म्हणून जुनी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी, बघू म्हणलं, आणि त्यात अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ पायजेच हा माझा हट्ट, म्हणजे आपण स्पीड लावून द्यायचा आणि पुढं ट्रक आला की गाडी आपोआप हळू होते, ट्रक बाजूला झाला की परत स्पीड घेते. बघायला लागल्यावर कळलं की लिस्ट लै छोटी आहे. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा दोन्ही हायब्रिडमध्ये मिळतात, कंपनीचा मायलेजचा आकडा लिटरला 27.97 किलोमीटर, पण क्रूझ साधा, पुढच्या गाडीचं त्याला काही कळत नाही. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये आहे पण वरच्या मॉडेललाच, आणि ते जुनं पण परवडंना. मारुतीची इनव्हिक्टो म्हणजे तीच गाडी दुसऱ्या नावानं, पण 2023 ला आली तेव्हा हे फीचरच नव्हतं तिच्यात. राहिली होंडा सिटीची हायब्रिड. त्यात पण फरक आहे बरं का. मे 2022 ला जी आली तिचा क्रूझ ट्रॅफिकमध्ये स्पीड लै कमी झाला की सोडून देतो, आणि मार्च 2023 ला जी नवी आली तिच्यात हळू स्पीडला पण पुढच्या गाडीमागं जायची सोय आहे. डीलर लोक दोन्हीला सरसकट "एडास वाली" (ADAS, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम असलेली) म्हणतात, त्यामुळं नुसतं वर्ष नाही, महिना बघून घ्या.

संभाजीनगरला एका डीलरकडं पहिली सिटी हायब्रिड बघितली. चकाचक. किलोमीटर कमी, सिंगल ओनर, सीटवर नवीकोरी कव्हरं. मला त्या कव्हरांचाच डाउट आला. म्हणलं भाऊ, जरा काढून दाखव, तर तो म्हणे फिटिंग खराब होईल. शेवटी मीच ड्रायव्हरच्या सीटच्या उजव्या कडेला, जिथून आपण चढताना-उतरताना घासून जातो तिथं हात दाबून बघितला तर आतला फोम पार बसलेला. मीटरवरचे किलोमीटर आणि ती सीट ह्यांचा काही मेळ लागंना. वर आधीच्या मालकानं मोठी अलॉय चाकं टाकलेली, टायर एकदम पातळ, दिसायला भारी पण यार्डाच्या बाहेरच्या खड्ड्यातच कंबरेला कळलं.

तरी म्हणलं क्रूझ बघू. डीलरचा पोरगा सोबत घेतला, जळगाव रोडनं सावंगीला जाऊन समृद्धीवर चढलो. टोल मी भरतो म्हणलं, तसं पण कारला किलोमीटरला साधारण दोन रुपये पडतात, लाखोंच्या व्यवहारात ते काहीच नाही. क्रूझ 90 ला लावला. पुढं ट्रक दिसतोय, डॅशवर मात्र पुढं गाडी असल्याचं चित्रच येईना, आलं तेव्हा ट्रक बराच जवळ आणि गाडीनं असा करकचून ब्रेक मारला की मागं बसलेला माझा साडू पुढच्या सीटवर आदळला. थोडं पुढं गेल्यावर डॅशवर वॉर्निंग आली आणि क्रूझ बंद. पोरगा म्हणे, "उन्हामुळं होतंय दादा."

आता त्यात थोडं खरं पण आहे, म्हणून तर माणूस फसतो. ह्या गाडीत रडार नाही, सगळं काम काचेच्या वर आरशामागं लावलेला एक कॅमेराच करतो. गाडी उन्हात तापली की कॅमेरा गरम होऊन सिस्टीम थोडा वेळ बंद पडू शकते, एसी लावून काच थंड झाली की परत चालू होते. पण आमचा एसी तर सावंगीच्या आधीपासून फुल चालू होता. म्हणून खाली उतरून काच बघितली. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो, त्यात वर्षाचा आकडा असतो. चारी दरवाजांचा आकडा एक आणि पुढच्या काचेचा वेगळा, शिक्का पण वेगळ्याच कंपनीचा. म्हणजे काच बदललेली. काच बदलली यात काय वाईट नाही, आपल्याकडं हायवाच्या (मोठ्या टिपरच्या) मागं चाललं की गिट्टी लागतेच, पण काच बदलल्यावर कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याची नजर परत नीट जुळवावी लागते, आणि ते काम कोपऱ्यावरच्या काचवाल्याचं नाही. कॅलिब्रेशनचं बिल दाखव म्हणलं तर डीलरकडं नाही. मग गाडी सोडून दिली. रडारवाल्या गाडीत हाच प्रकार पुढच्या बंपरचा, हायक्रॉसचं रडार पुढच्या लोगोमागं असतं, तिथं ठोकून रंग मारलेला असंल किंवा कुणी पुढं गार्ड बसवलेलं असंल तर आधी विचारा.

दुसरी गाडी पुण्याची, एमएच 12, 2023 ची, मालकाकडूनच. ह्यावेळी सर्व्हिस रेकॉर्ड आधी बघितलं, मालकाला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला हायब्रिड बॅटरीची तपासणी करून घेतली. बॅटरीला कंपनीची 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी आहे, त्यामुळं लोक जेवढं घाबरवतात तेवढं मला तिचं टेन्शन वाटलं नाही. उलट लै दिवस उभी राहिलेली हायब्रिड मी घेणार नाही, कमी किलोमीटरला भुलून तर अजिबात नाही. काच ओरिजिनल होती. फक्त मालकानं डॅशकॅम नेमका कॅमेऱ्याच्या खिडकीला खेटून चिकटवलेला, तो काढायला लावला. फास्टॅग पण बघा कुठं लावलाय, काही जण थेट कॅमेऱ्यासमोर चिकटवतात.

सौदा पक्का करायच्या आधी मालकाला म्हणलं गाडी एक दिवस जालन्याला आणा, डिझेल-पेट्रोल जे काय असंल ते माझं. भला माणूस, आला. समृद्धीवर ह्यावेळी मी मुद्दाम मागच्या सीटवर बसलो आणि चालवायला साडूला दिली. क्रूझ चांगला आहे का हे ड्रायव्हरपेक्षा मागं बसलेल्याला जास्त कळतं, हे माझं पक्कं मत झालंय, कारण चालवणाऱ्याचं सगळं लक्ष बटनांवर असतं. 100 ला लावून ट्रकच्या मागं गेलो तर गाडीनं लांबूनच स्पीड कमी केला, मान हलली नाही. एक पिकअपवाला मध्येच घुसला तेव्हा जरा झटका बसला, पण तेवढा कोणत्याही गाडीत बसंल. वळणावर ट्रक कॅमेऱ्यातून सुटला की गाडी उगं स्पीड घ्यायला बघते, ती गोष्ट लक्षात ठेवायची, पाय ब्रेकजवळच पायजे. आणि एक, उभ्या गाडीसमोर आपोआप थांबते का हे तपासायच्या भानगडीत पडू नका. जास्त स्पीडला उभं वाहन ही सिस्टीम ओळखंलच असं नाही, मॅन्युअलमध्ये पण तसं लिहिलेलं असतं.

नंतर चौका घाटात नेली. चढावर इंजिन मोठ्यानं ओरडतं आणि स्पीड मात्र तेवढाच, पहिल्यांदा वाटतं क्लचच गेला. पण ह्या हायब्रिडची पद्धतच ती आहे, बऱ्याचदा इंजिन चाकाला नाही तर जनरेटरला फिरवतं आणि चाकं मोटर ओढते. समृद्धीवर एका लयीत चालताना मात्र इंजिन सरळ चाकाला जोडलं जातं आणि गाडी शांत. सिग्नलला इंजिन बंद असताना पण एसी थंडगार चालू राहतो, आपल्या मे महिन्यात हे एकच फीचर अर्धे पैसे वसूल करतं.

खरी परीक्षा आईची. गावाकडं नेली, मंठा रोडनं. सिटी खाली बसकी गाडी, आईचे गुडघे दुखतात. मागं बसवलं तर म्हणाली, "आत जायाला बरंय रे, निघायचं कसं?" मग पुढं बसवायचं ठरवलं, पुढची सीट पूर्ण मागं घेतली, आधी बूड टेकवून मग दोन्ही पाय आत घ्यायला सांगितले, तेव्हा जमलं. बसल्यावर मात्र पाठ टेकून गप बसली आणि परतीच्या रस्त्यात झोपली, म्हणजे सीट पास. डिकी तेवढी छोटी आहे, बॅटरीमुळं 306 लिटरच, साध्या सिटीत 506 आहे. ज्वारीचं एक पोतं टाकलं की बॅगा मागच्या सीटवर.

आता माझं मत विचाराल तर, तुमचं फिरणं जास्त करून मंठा-परतूर-जिंतूर असल्या रस्त्यांवर असंल आणि घरात म्हातारी माणसं असतील तर ह्या क्रूझच्या नादी लागूच नका, उंच गाडी घ्या, साधा क्रूझ असला तरी चालतं. मी सिटी घेतली कारण आई महिन्यातून एखाद्या वेळी बसते आणि नागपूरची चक्कर माझी मला करावी लागते.

कागदपत्रांचं जास्त काही नाही. गाडीवर लोन होतं, बँकेची एनओसी आणि आरसीवरची लोनची नोंद काढायचा फॉर्म 35 हातात आल्यावरच बाकीचे पैसे सोडले, मग गाडी नावावर करायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म. इन्शुरन्स 14 दिवसांच्या आत नावावर करायला टाका, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सूट) आपल्याला मिळत नाही, त्यामुळं वरचा फरक भरावा लागतो, तो आधीच हिशोबात धरा. मी इन्शुरन्सवाल्याला एक जास्तीचा प्रश्न विचारला, पुढची काच फुटली तर कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनचा खर्च क्लेममध्ये येतो का. त्याला कॅलिब्रेशन म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, त्यानं वर विचारलं, मग मी ते मेलवर लिहून घेतलं.