फिट येणाऱ्या दांडग्या कुत्र्यासाठी घर शोधताना

रस्त्यावरून उचललेला, दीड वर्षाचा, 18 किलोचा, अंगात वारं भरलेला देशी कुत्रा, आणि त्यात फिट येणारा. अशाला इंदुरात घर मिळत नाही असं म्हणतात. मिळतं. पण घर मिळालेला कुत्रा परतही येतो, आणि आमच्या मते त्याचं कारण बहुधा फिट नसते. फिट दोन मिनिटांची. दारावरच्या उड्या, कुरतडलेल्या चपला आणि ताटात घातलेलं तोंड रोजचं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि नव्या घराला ते वेगवेगळेच समजावून द्यावे लागतात.

आधी निदान पक्कं करा. पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली, दोन फिटांच्या मधल्या काळात कुत्रा अगदी ठणठणीत असतो, रक्तातली साखर, कॅल्शियम, लिव्हर-किडनी सगळं ठीक आहे, तर बहुधा तो जन्मजात प्रवृत्तीचा अपस्मार. मात्र रस्त्यावरच्या तरुण कुत्र्यात डिस्टेंपर, म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचणारा विषाणूचा संसर्गजन्य आजार, विसरून चालत नाही. मागे कधी नाक-डोळ्यांतून चिकट पाणी, खोकला, जुलाब होऊन गेलेत का, पंजांचे तळवे कडक झालेत का, स्वस्थ पडलेला असताना एखादा पाय किंवा जबडा ठेक्यात उडतो का, हे बघा. तसं असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं, आणि नव्या घरी लस न झालेलं पिल्लू असेल तर त्यालाही धोका. शहरातल्या डॉक्टरांची मतं जुळली नाहीत तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. फिटचा व्हिडिओ घेऊन जा, तोंडी वर्णनापेक्षा तो कामाचा.

औषध बहुतेकदा फिनोबार्बिटोनच असतं. सुरुवात साधारण किलोमागे 2 ते 3 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी. 18 किलोला 45 मिलिग्रॅम धरलं तर 30 च्या दीड गोळ्या सकाळी, दीड रात्री. महिन्याच्या 90 गोळ्या. पहिले दोन आठवडे कुत्रा झिंगल्यासारखा असतो, मागचे पाय लटपटतात, नुसता पडून राहतो. नेमका याच काळात कुणी बघायला आलं की म्हणतं, "किती शांत आहे हो!" औषध रक्तात स्थिरावलं की गुंगी उतरते आणि वर भूक, तहान, लघवी वाढते. मूळचा दांडगा कुत्रा आता दांडगा आणि हावराही. म्हणून औषध सुरू केल्यावर निदान तीन आठवडे त्याला कुणालाही दाखवू नका. दाखवाल तेव्हा सकाळी, फिरायला नेण्याआधी दाखवा. त्या अवतारात जो आवडला, तोच टिकतो.

दोन-तीन आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी बघतात. माणसांच्या मोठ्या पॅथॉलॉजीत ही तपासणी होते. रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत घ्यायला सांगा. जेल असलेल्या नळीत जेल औषध शोषून घेतं, आकडा खोटा कमी येतो आणि डोस उगाच वाढवला जातो. 15 ते 35 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठीक. 35 च्या वर लिव्हरला धोका. पुढे दर सहा महिन्यांनी पातळी आणि लिव्हर दोन्ही. गोळ्या स्वस्त असतात, खर्च या तपासण्यांचा. तो आकडा नव्या घराला आधीच सांगा.

जाहिरातीत "गोंडस, प्रेमळ, घर हवे" लिहून काही साधत नाही. असं लिहा: "नर, दीड वर्ष, 18 किलो, नसबंदी व रेबीज लस झालेली. अपस्मार, गोळी रोज सकाळी 7 आणि रात्री 7, आयुष्यभर. शेवटची फिट अमुक तारखेला, दीड मिनिट. रोज दोन वेळा पाऊण तास फिरणं आवश्यक. अंगावर उडी मारतो; पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरी देणार नाही." फोन कमी येतील. तेच हवं आहे.

येणाऱ्यांची कुत्र्यांवरची माया तपासत बसू नका, ती सगळ्यांकडे असते. घड्याळ तपासा. सकाळी सातला घरात कोण असतं? रात्री सातला? गोळी देणारी दोन माणसं ठरलेली हवीत, कारण एकाचं डोकं दुखलं म्हणून चुकलेला डोस फिट आणू शकतो. "मे महिन्यात पुण्याला गेलात तर?" हा प्रश्न इंदूरच्या मराठी घरात विचारायलाच हवा. रेल्वेत कुत्रा फर्स्ट एसीची अख्खी कूप किंवा केबिन मिळाली तरच सोबत येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. फिट येणाऱ्या कुत्र्याला ती पेटी नको. म्हणजे मागे राहणारं विश्वासू माणूस हवं. आणि "आता बरा दिसतोय" म्हणून गोळ्या एकदम थांबवणारं घर असेल तर तिथे देऊच नका. फिनोबार्बिटोन अचानक तोडलं की आधीपेक्षा जोरदार, लागोपाठ फिट येतात.

आजी-आजोबांशी वेगळं बोला. भुकेला कुत्रा त्यांच्याच खुर्चीपाशी बसणार आणि पोह्यांवरची शेव त्यालाच मिळणार. पोह्यांतला कांदा आणि शिऱ्यातले मनुके कुत्र्याला विषारी आहेत, हे सांगून ठेवा. शेवेचा मुद्दा आणखी बारीक आहे. काही कुत्र्यांना पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटचं दुसरं औषधही चालू असतं, आणि जेवणातलं मीठ एकदम वाढलं की किडनी मिठाबरोबर ब्रोमाइडही बाहेर टाकते. पातळी घसरते, फिट येते. इंदुरात शेवेवाचून घर नाही, तेव्हा बरणी वरच्या फळीवर.

दम जिरवायला नुसतं पळवणं पुरत नाही, उलट स्टॅमिना वाढतो. जेवणाचा अर्धा भाग अंगणात किंवा जुन्या सतरंजीच्या घड्यांत विखरून हुंगत शोधायला लावा, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं बस, थांब, सोड असा सराव घ्या. फिटनंतर कुत्रा भांबावून पळू शकतो, म्हणून फिरवताना हार्नेस आणि पट्टा दोन्हींना दोरी हवी. गच्ची आणि जिना एकट्याला बंद. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत बाहेर पडा, रात्री रस्ता निवल्यावर.

फिट आल्यावर काय करायचं हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. घड्याळ बघा, आजूबाजूची खुर्ची-टेबलं सरकवा, दिवा आणि टीव्ही बंद. तोंडात हात किंवा चमचा घालायचा नाही. जीभ गिळली जात नाही, बोट मात्र तुटतं. कांदा, जोडा हुंगवणं यातून काही होत नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा 24 तासांत दुसरी आली तर थेट दवाखाना. डॉक्टरांनी फिट थांबवणाऱ्या मिडाझोलमचा नाकातला फवारा लिहून दिला असेल तर किती फवारे द्यायचे ते बाटलीवरच चिकटवा. लांबलेल्या फिटमध्ये अंग तापतं. साधं पाणी आणि पंखा, बर्फ नको. शुद्धीवर आल्यावर तो काही वेळ आंधळ्यासारखा भिंतींना धडकेल, माणसं ओळखणार नाही, चावेल कदाचित. मुलांना दूर ठेवा.

पावसाळ्यात गोचिड झाल्या की दुकानदार चघळायची गोळी पुढे करतो. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर या गटाच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2018 मध्ये फिटचा इशारा दिला होता. अशा कुत्र्याला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

कुत्रा सोपवण्याची वेळ बघा. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ), रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) हे दिवस टाळा. आवाजापेक्षा गडबडीत चुकणारा डोस घात करतो. सोबत महिनाभराच्या गोळ्या, सगळे रिपोर्ट आणि फिटच्या नोंदींची वही द्या. दुकानदार चिठ्ठीशिवाय हे औषध देत नाही, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी नव्या मालकाच्या नावावर आधीच करून घ्या. घराजवळ माल नसेल तर दवा बाजारात बघायचं, पण पंधरा दिवसांचा साठा शिल्लक असतानाच. सोसायटी कुरकुर करत असेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही.

पहिले तीन आठवडे चाचणीचे, असं लेखी ठरवा. नाही जमलं तर कुत्रा तुमच्याकडेच परत येईल, तिसऱ्याला दिला जाणार नाही, हे वाक्य त्या कागदावर असू द्या. पहिला आठवडा रोज रात्री साडेसातला एक फोन, फक्त "गोळी दिली का?" एवढ्यासाठी. उत्तर द्यायला ते अडखळू लागले, की दुसऱ्या दिवशी जाऊन गोळ्या मोजून या.