माझेच पेपर, पण तीन नावांनी

प्रमोशनची फाईल म्हणजे आठवड्याचं काम, असा माझा अंदाज होता. लागले चार महिने. त्यातले जवळजवळ दोन स्वतःचं नाव गोळा करण्यात गेले.

मी ठाण्यात राहते आणि नवी मुंबईतल्या एका बी.एड. कॉलेजात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते. घरात आगरी बोलणारी मुलं शाळेत गणिताला का घाबरतात, हा माझा विषय. 'मला हे जमेल' या विश्वासाबद्दल अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये जे मांडलं, तिथून मी सुरुवात केली. चौदा वर्षांत सोळा संशोधन पेपर झाले. गूगल स्कॉलर या संशोधन-लेख शोधायच्या साइटवर सापडले सात.

बाकीचे कुठे गेले ते आमच्या ग्रंथपाल सरांनी पाच मिनिटांत ओळखलं. "मॅडम, तुमच्या डिग्रीवर नाव कसं आहे?" आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. सुरुवातीचे पेपर मी त्याच क्रमाने पाठवले होते. बाहेरच्या यंत्रणा शेवटचा शब्द आडनाव धरतात, त्यामुळे तिथे वडिलांचं नावच माझं आडनाव होऊन बसलं होतं. लग्नानंतरचे पेपर सासरच्या आडनावाने, आणि दोन पेपरांवर नुसती आद्याक्षरं. आपल्याकडच्या किती बायकांचं काम असं विखुरलं गेलं असेल, या विचाराने त्या दिवशी ठाण्याच्या लोकलमध्ये मला खरंच वाईट वाटलं.

सरांनी आधी ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढायला लावला. सोळा आकडी, फुकट, २०१२ पासून मिळतो. आडनाव बदललं तरी तो बदलत नाही. पीएच.डी.ला बसणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आता पहिल्या दिवशी हेच सांगते. स्कोपस या संशोधन लेखांच्या सूचीतही माझी दोन प्रोफाइल निघाली. ती एकत्र करण्याची विनंती तिथूनच पाठवता येते, फक्त वाट पाहावी लागते.

मग सायटेशन, म्हणजे आपल्या पेपरचा इतरांनी केलेला उल्लेख. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला. एच-इंडेक्स पाच म्हणजे पाच पेपर असे, की प्रत्येकाचा उल्लेख किमान पाच ठिकाणी झालेला आहे. माझा एक पेपर स्कॉलरवर दोनदा नोंदलेला होता, एका नोंदीला चार सायटेशन, दुसरीला तीन. दोन्ही जोडल्या आणि पाचाचा सहा झाला. मला आनंद झाला. त्याच संध्याकाळी यादी पुन्हा वाचताना सोयाबीनच्या रोगांवरचा एक पेपर दिसला, सायटेशन शंभरावर. माझ्याच नावाच्या कुणा कृषी संशोधकाचा तो पेपर आपोआप माझ्या खात्यात येऊन पडला होता. एक सहकारी म्हणाल्या, "राहू दे गं, कोण बघतंय?" मी तो काढला. पुन्हा पाच. नवीन पेपर आपोआप जोडण्याची सोयही बंद केली, आता आधी मला मेल येतो.

गुणांचा हिशेब त्यामानाने सोपा. २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत आमच्या शाखेला एका पेपरचे १० गुण, दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्याचे ७० टक्के. केअर ही मान्य जर्नलांची यादी आयोगाने २०२५ मध्ये बंद केली, पण ती चालू असताना छापलेल्या पेपरांसाठी जर्नल तेव्हा यादीत होतं याचा पुरावा लागला. पैसे घेऊन छापणाऱ्या एका जर्नलची साइटच नाहीशी झाली होती. तो पेपर मी फाईलमध्ये लावलाच नाही.

मला खरं काही मिळालं ते शेवटच्या महिन्यात. आकड्यांवर थांबायचं नाही असं ठरवून माझा उल्लेख करणारा प्रत्येक पेपर मी उघडून वाचला. बहुतेकांनी कंसात दहा नावं दिली होती, त्यांत एक माझं. दोघांनी मी न म्हटलेलं वाक्य माझ्या नावावर घातलं होतं. पण एका विद्यार्थिनीने माझी प्रश्नावली घेऊन मुलांना प्रत्यक्ष विचारली होती, आणि माझा सातवा प्रश्न मुलांना कळतच नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. तिचं बरोबर आहे. 'अस्वस्थ' हा शब्द तिसरीतल्या मुलाचा नाही. प्रश्न मी बदलला, आता तिथे 'पोटात गोळा येतो' आहे.

आणि एक मराठी लेख. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी लिहिलेला, सायटेशन शून्य. शहापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेने त्याची झेरॉक्स काढून पाच वर्षं वर्गात वापरली. पाढे विचारण्याआधी त्या मुलांना आज किती भीती वाटते ते बोटांवर दाखवायला सांगतात. त्यांचं दोन पानी पत्र मी फाईलला जोडलं. तपासणाऱ्या सरांनी विचारलं, हे कोणत्या रकान्यात? रकाना नव्हता. पत्र काढू नका, एवढंच मी म्हटलं, आणि त्यांनी ते मागे टाचून ठेवलं.