सरांची एंडनोट, माझं ओक्युलर: किल्लारीचे पेपर वाचताना बसवलेली घडी

किल्लारीच्या भूकंपावर काम करायचं म्हणजे आधी वाचनाचा डोंगर उपसावा लागतो. 30 सप्टेंबर 1993 नंतर या भागातल्या खडकांवर, भूजलावर, भेगांवर भरपूर लिहिलं गेलं. तिथं 617 मीटर खोल बोअर घेतली, तिच्यात 338 मीटरवर दख्खनचा बेसॉल्ट संपला, आणि त्याखालच्या खडकांवर आणखी पेपर निघाले. यातलं जे जे मिळालं ते आमच्या सरांनी लातूरला विभागातल्या एका कॉम्प्युटरवर एंडनोटच्या लायब्ररीत नीट लावून ठेवलंय. गटातले सगळे त्याच लायब्ररीतून संदर्भ देतात.

एंडनोट हे पेपर आणि त्यांचे संदर्भ सांभाळणारं, क्लॅरिव्हेट कंपनीचं परवान्यावर चालणारं सॉफ्टवेअर. विंडोज आणि मॅकवर चालतं, लिनक्ससाठी त्याची आवृत्ती नाही. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि मी वाचते ओक्युलर या पीडीएफ व्ह्यूअरमध्ये. दोन रकान्यांचे पेपर छोट्या स्क्रीनवर वाचताना ओक्युलर कडेची कोरी जागा कापून टाकतं, बाजूच्या पट्टीत माझ्या सगळ्या खुणा पानांप्रमाणे दाखवतं. ते मला सोडायचं नव्हतं. सरांचं म्हणणं एकच होतं, "वाच कशातही, पण लायब्ररी एकच राहिली पाहिजे." त्यांचं बरोबरच होतं.

सुरुवात लायब्ररी आतून कशी असते ते बघण्यापासून केली. एंडनोटची लायब्ररी दोन भागांची असते: एक ईएनएल फाइल आणि तिच्याच नावाचं डेटा फोल्डर. डेटा फोल्डरच्या आत पीडीएफ नावाचं फोल्डर, आणि त्यात प्रत्येक पेपरला लांबलचक आकड्याचं वेगळं घर. नोंद आणि फाइल यांची गाठ या आकड्यावर आणि फाइलच्या नावावर असते. म्हणून फाइल तिथून हलवायची नाही, नाव बदलायचं नाही. एवढं पाळलं की पीडीएफ कुठल्याही व्ह्यूअरमध्ये उघडा, खुणा करा, सेव्ह करा, एंडनोटला ती फाइल सापडते.

विंडोजवरचं काम त्यामुळे सोपं झालं. विभागातल्या कॉम्प्युटरवर पीडीएफसाठी डिफॉल्ट प्रोग्रॅम सुमात्रा पीडीएफ ठेवला. एंडनोटमध्ये नोंदीवर जाऊन फाइल उघडा म्हटलं की ती सुमात्रात उघडते. सुमात्रा हलकं आहे, जुन्या मशीनवरही पटकन येतं.

खरा प्रश्न माझ्या लॅपटॉपचा होता. एंडनोटमधून पूर्ण लायब्ररी ईएनएलएक्स या एकाच दाबलेल्या फाइलमध्ये बाहेर काढता येते. ही फाइल मुळात झिप असते, त्यामुळे लिनक्सवर ती सरळ उलगडते आणि आकड्यांची सगळी फोल्डरं समोर येतात. पण आकड्यांवरून कुठला पेपर कुठला हे कसं कळणार? त्याचं उत्तर एक्सएमएल एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे एंडनोटमधून मजकुराच्या फाइलमध्ये काढलेल्या नोंदींमध्ये मिळालं. त्यात लेखक, वर्ष, शीर्षक तर असतंच, शिवाय पीडीएफचा पत्ता 'इंटर्नल-पीडीएफ' या शब्दाने सुरू होऊन पुढे तोच आकडा आणि फाइलचं नाव असतं. पायथॉनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: एक्सएमएल वाचायचं, त्या शब्दाच्या जागी माझ्या डिस्कवरच्या पीडीएफ फोल्डरचा पत्ता घालायचा, लेखक-वर्ष-शीर्षकाची यादी दाखवायची, निवडलेला पेपर ओक्युलरमध्ये उघडायचा. हे पहिल्यांदा चाललं तेव्हा फार आनंद झाला. ज्या सॉफ्टवेअरची लिनक्स आवृत्तीच नाही, त्यातली लायब्ररी माझ्या स्क्रीनवर नावासकट उघडत होती.

ओक्युलरमध्ये एक गोष्ट तपासून घ्याच. 2017 च्या डिसेंबरात आलेल्या 1.3 आवृत्तीपासून ओळींवर मारलेला रंग आणि टिपा सेव्ह केल्यावर थेट पीडीएफमध्ये लिहिल्या जातात. त्याआधी त्या आपोआप जपल्या जायच्या त्या घरच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे पीडीएफ दुसऱ्याला दिली तर टिपा आपल्याच कॉम्प्युटरवर राहायच्या. जुनी आवृत्ती असेल तर आधी बदला. सेटिंगमध्ये टिपांसाठी स्वतःचं नावही घाला. एकाच पेपरवर चौघांच्या खुणा असल्या की कुठली कुणाची हे लगेच कळतं.

स्कॅन केलेल्या जुन्या अहवालांवर मात्र ओळ निवडता येत नाही, कारण आत अक्षरं नसतात, चित्र असतं. त्यासाठी ओसीआर-माय-पीडीएफ हे साधन वापरलं. ते चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅमच्या जोरावर चालतं आणि मराठी-इंग्रजी दोन्ही एकदम वाचतं. जुन्या मराठी टाइपात चुका राहतात, पण शोधायला आणि रंग मारायला पुरतं. हे खुणा करण्याआधी उरकावं, आणि तयार झालेली फाइल त्याच नावाने त्याच जागी ठेवावी.

परतीचा रस्ता साधा आहे: एंडनोट बंद असताना फक्त बदललेल्या पीडीएफ त्यांच्या त्यांच्या फोल्डरमध्ये पेन ड्राइव्हवरून परत ठेवायच्या. ईएनएल फाइलला मी हात लावत नाही. चालू लायब्ररी ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, ती बिघडू शकते. एंडनोटची स्वतःची सूचनाही तीच आहे.

लिहिताना संदर्भ द्यायची सोयही यातूनच निघाली. एंडनोट तात्पुरता संदर्भ महिरपी कंसात लिहिलेला ओळखतं: लेखकाचं आडनाव, स्वल्पविराम, वर्ष, मग हॅशचं चिन्ह आणि नोंदीचा क्रमांक. आता माझी स्क्रिप्ट पेपर उघडतानाच हा मजकूर क्लिपबोर्डवर टाकते. मी घरी लिब्रे ऑफिसमध्ये प्रकरण लिहिते, कंस चिकटवत जाते, आणि विभागात वर्डमध्ये फाइल उघडून संदर्भ अपडेट केले की विद्यापीठाला हवी तशी यादी तयार होते. क्रमांक त्या लायब्ररीपुरताच खरा असतो; नोंदी दुसऱ्या लायब्ररीत नेल्या की तो बदलतो. सरांचा एकाच लायब्ररीचा आग्रह इथं उपयोगी पडला.

एवढा खटाटोप कशाला, असं उदगीरच्या माझ्या मैत्रिणीने विचारलं होतं, "ताई, सरळ विभागात बसून वाच की, काय करायलीस हे?" मला वाटतं, परवाना संस्थेचा असतो, पीएचडी संपली की तो सुटतो. वर्षानुवर्षं पानांच्या कडेला लिहिलेलं मात्र माझं आहे, आणि ते साध्या पीडीएफमध्ये, कुठल्याही व्ह्यूअरला वाचता येईल असंच राहायला हवं. पुढच्या आठवड्यात तिच्या लॅपटॉपवरही ही स्क्रिप्ट बसवून देणार आहे. तिच्याकडे विंडोज आहे, त्यामुळे फोल्डरचा पत्ता तेवढा बदलावा लागेल.