बोगमाळोला हेलिकॉप्टरं बघायला जाताना

वास्कोहून बोगमाळोला जाणारा रस्ता दाबोळी विमानतळाला वळसा घालून समुद्राकडे उतरतो. किनाऱ्याच्या थोडं अलीकडे नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. बहुतेक गाड्या सरळ किनाऱ्याकडे जातात. आम्ही मात्र इथे थांबलो ते फक्त हेलिकॉप्टरं बघायला. विमानं इथे पुष्कळ आहेत. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, आणि सगळ्यांवर मान काढून उभं असलेलं चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टलेशन. गर्दी त्यांच्याभोवतीच असते. वाईट वाटतं ते याचं, की जहाजाच्या लहानशा डेकने आणि खाऱ्या वाऱ्याने एखादं यंत्र कसं घडवलं हे जितकं हेलिकॉप्टरात दिसतं तितकं विमानात दिसत नाही, आणि लोक नेमकं तेच न बघता पुढे जातात.

आधी जाण्याचं सांगतो. सोमवारी संग्रहालय बंद असतं. कोकण रेल्वेने येणार असाल तर मडगावला उतरून वास्को गाठायचं आणि तिथून बोगमाळोची बस किंवा रिक्षा. मोपाच्या विमानतळावर उतरणाऱ्यांना गोव्याच्या उत्तर टोकापासून दक्षिणेकडे यावं लागतं, त्यात बराच वेळ जातो हे धरून चाला. यंत्रं उघड्यावर आहेत, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, तोही सकाळी. दुपारी पत्रा इतका तापतो की जवळ उभं राहवत नाही. तीन तास हातात ठेवा. शेजारी आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे, तेव्हा कॅमेरा प्रदर्शनाच्या आवाराबाहेर वळवू नका.

सगळ्यात लहान ते ह्यूज ३००. पिस्टन इंजिन, तीन पाती आणि बुडबुड्यासारखी काच. नौदलाच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे पहिले धडे यावर झाले. इंजिनाची ताकद रोटरपर्यंत, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या संचापर्यंत, नेण्यासाठी यात पट्टे आहेत, पिठाच्या गिरणीत असतात त्याच जातीचे. आधी इंजिन मोकळं सुरू करायचं, मग ताण देणारी पुल्ली सावकाश आवळायची, तसे पट्टे घट्ट होतात आणि पाती फिरायला लागतात. घाईने आवळलं तर पट्टे घसरतात, तापतात आणि त्यांचं आयुष्य कमी होतं.

इथून चेतककडे जाताना एक खूण लक्षात ठेवा. उभ्या हेलिकॉप्टरची पाती कुठल्या दिशेने फिरतात हे ओळखायचं असेल तर पात्याच्या कडा बघायच्या. एक कड जाड आणि गोलसर असते, दुसरी सुरीसारखी पातळ. जाड कड पुढे जाते. या हिशेबाने चेतकचा रोटर वरून बघणाऱ्याला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, आणि पलीकडच्या सी किंगचा बरोबर उलटा. फ्रेंच परंपरा एक, अमेरिकी-ब्रिटिश परंपरा दुसरी. वैमानिकाला हा फरक पायात जाणवतो. ताकद वाढवली की हेलिकॉप्टरचं अंग रोटरच्या उलट दिशेने वळू पाहतं. ते सावरायला सी किंगमध्ये डावं पेडल दाबावं लागतं, चेतकमध्ये उजवं. एका यंत्रावरून दुसऱ्यावर येणाऱ्याला ही सवय नव्याने लावून घ्यावी लागते.

चेतक म्हणजे फ्रेंच अल्युएट ३. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) १९६२ साली करार करून बंगळुरूत त्याचं उत्पादन सुरू केलं. रोटरचा व्यास ११ मीटर, जास्तीत जास्त वजन २,२०० किलो, माणसं सात. केबिनच्या मागे वर बघा, आर्टूस्ट इंजिन झाकणाशिवाय उघडं बसवलेलं दिसेल. त्यामुळे मेकॅनिकला कुठलाही भाग न खोलता हात घालता येतो. टर्बाइन मिनिटाला साडेतेहतीस हजार फेरे घेते आणि पाती जेमतेम साडेतीनशे, मधलं सगळं काम गिअरबॉक्सचं. या इंजिनाची क्षमता ८७० अश्वशक्तीच्या घरातली, पण ते ५७० च्या आसपास बांधून ठेवलेलं आहे. तापलेली हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. राखीव ठेवलेली ताकद अशा वेळी कामी येते. सियाचेनला रसद नेणाऱ्या चीता हेलिकॉप्टरात हेच इंजिन आहे. फ्रान्समध्ये त्याच जातीच्या लामा हेलिकॉप्टरने १९७२ साली १२,४४२ मीटर उंची गाठली होती.

समुद्रावर मात्र हेच उघडं इंजिन काळजीचा विषय होतं. पाण्यावर कमी उंचीवरून उडताना किंवा तरंगताना रोटरचा वारा पाण्यावर आदळतो, तुषार वर येतात आणि ते इंजिनात ओढले जातात. मीठ हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतं, हवा कमी दाबली जाते, तेवढ्याच ताकदीसाठी इंधन जास्त जळतं आणि तापमान चढतं. उपाय साधा पण न चुकता करायचा असतो. ठिणगी न देता स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवायचं आणि तोंडातून गोड्या पाण्याचा फवारा मारायचा, मग सुकवण्यासाठी थोडा वेळ चालवायचं. बाहेरचं अंगही गोड्या पाण्याने धुवायचं. जहाजावर गोडं पाणी मोजून वापरतात, पण या धुण्यात काटकसर केली तर त्याची किंमत पुढे इंजिनात मोजावी लागते. गिअरबॉक्सच्या आवरणाला त्या काळी मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरत, वजनाला हलका म्हणून. त्यावरचा रंग खरवडला आणि खारा ओलावा लागला की पांढरी भुकटी धरते. जवळ पोलादी बोल्ट असेल तर दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि खाण्याचा वेग वाढतो. म्हणून नौदलाच्या तपासणीत बोल्टाभोवतीची जागा आधी बघतात.

चेतकला स्वतःचा सोनार, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणारं उपकरण, नव्हता. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस नीलगिरी १९७२ साली नौदलात आली. तिच्यासारख्या फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर, पाणबुडी शोधायचं काम जहाजाच्या सोनारचं, आणि चेतकने टॉर्पेडो पोटाखाली घेऊन सांगितलेल्या जागी टाकायचा. या पद्धतीची मर्यादा समजून घ्यायला पुढची दोन यंत्रं बघावी लागतात.

त्यातलं पहिलं कामोव्ह २५. अंगाला बसणारा उलटा पीळ सावरणारा लहान रोटर (टेल रोटर) शेपटीला नाही हे लहान मुलांच्याही आधी लक्षात येतं. एकाच खांबावर दोन रोटर, प्रत्येकी तीन पात्यांचे, एकमेकांविरुद्ध फिरणारे. दोघांचा पीळ एकमेकांना मारतो, मग शेपटीवर ताकद घालवायची गरज उरत नाही. रोटरचा व्यास १५.७४ मीटर, पण अंग जेमतेम पावणेदहा मीटर लांब. पाती मागे दुमडली की सगळं यंत्र लहानशा हँगरमध्ये मावतं, आणि सोव्हिएत आरमाराला नेमकं तेच हवं होतं. १९८० साली आलेल्या आयएनएस राजपूतबरोबर कामोव्ह भारतात आलं. वळण्यासाठी वरच्या-खालच्या रोटरच्या पिळात फरक करायचा, आणि पुढे उडताना सरळ राहायला मागे तीन उभे पंख. हनुवटीखाली रडारचा घुमट आहे. त्यामुळे नाकाखाली चाक ठेवायला जागा उरत नाही, म्हणून चार कोपऱ्यांत चार पाय. या रचनेची किंमत खांबाजवळ दिसते. आतल्या दांड्याभोवती उलटा फिरणारा दांडा आणि दोन्ही रोटरना हुकूम पोचवणाऱ्या सळ्यांचं जाळं. प्रत्येक सांध्याला खेळ असतो, प्रत्येकाला वंगण लागतं, आणि एखादा सांधा सैल झाला तर वरची-खालची पाती जवळ येण्याचा धोका. इथे खांबाभोवती एक पूर्ण फेरी मारून बघा. नुसत्या फोटोत हा गुंता कळत नाही.

सी किंगजवळ आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो, आणि त्याला कारण आहे. १९७१ च्या एप्रिलमध्ये कोचीत नौदलाची सी किंगची पहिली तुकडी उभी राहिली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुक्री बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जहाजाच्या तळाला बसवलेल्या सोनारची अडचण अशी की पृष्ठभागाजवळचं पाणी गरम, खालचं थंड, आणि या दोहोंच्या सीमेवर आवाज वळतो. सीमेखाली बसलेली पाणबुडी वरच्या जहाजाला ऐकूच येत नाही अशी वेळ येते. सी किंग पाण्यावर साधारण १२ मीटरवर एका जागी तरंगतं आणि पोटातून केबलने सोनारचा गोळा त्या सीमेच्या खाली सोडतं. ऐकून झालं की गोळा वर, यंत्र पुढच्या ठिकाणी. पाणबुडीला वर काय चाललंय ते सहज कळत नाही आणि उलटा टॉर्पेडोही मारता येत नाही. पोटाखाली जाऊन बघा, केबल सोडायची जागा हीच या यंत्राची खरी ओळख आहे.

तरंगणं बोलायला सोपं आहे. रात्री काळ्या पाण्यावर नजरेला आधार नसतो, म्हणून यंत्र किती सरकतंय ते मोजणारं डॉप्लर रडार आणि केबलचा कोन यांवरून स्वयंचालक जागा धरून ठेवतो. केबल तिरकी झाली की यंत्र वाहवलंय असं समजायचं. एखादं इंजिन अशा वेळी गेलं तर फार क्षण मिळत नाहीत. म्हणून पोटाचा आकार होडीसारखा आहे आणि बाजूच्या चाकांच्या पेट्यांवर फुगणाऱ्या पिशव्या. तरीही इंजिनं आणि गिअरबॉक्स माथ्यावर असल्याने पाण्यात हेलिकॉप्टर उलटतं. त्यासाठी कर्मचाऱ्यांना बुडालेल्या, उलट्या केबिनमधून बाहेर पडायचा सराव दिला जातो. एक हात खिडकीच्या कडेवर, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. आधी पट्टा सोडणारा माणूस पाण्याच्या लोंढ्यात दिशा हरवतो.

रोटर १८.९ मीटरचा, पाच पात्यांचा. धातूच्या पात्यांत एक फार सुंदर युक्ती आहे. पात्याचा मुख्य कणा पोकळ असतो आणि त्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. कण्याला केसाएवढी चीर गेली तरी वायू निसटतो आणि मुळाशी बसवलेला दर्शक रंग बदलतो. डोळ्यांना न दिसणारी चीर उड्डाणाआधी अशी कळते. पात्याच्या मुळाशी लहान गोल डबी शोधा.

साडेनऊ टनांचं हे धूड तीन हजार टनांच्या डुलणाऱ्या जहाजावर उतरवायचं कसं, याचं उत्तर माझगाव डॉकच्याच तारागिरी आणि विंध्यगिरी या फ्रिगेटवर मिळालं. १९८० आणि १९८१ साली त्या नौदलात आल्या. कॅनडाच्या आरमाराने काढलेली बेअर ट्रॅप पद्धत तिथे बसवली होती. हेलिकॉप्टर डेकवर तरंगत हलकी दोरी खाली सोडतं. डेकवरचा माणूस तिला जहाजाची जाड केबल जोडतो, ती वर ओढून अडकवली जाते. त्याआधी दोरीला जहाजाच्या लोखंडी अंगाशी जोडलेला आकडा लावायचा, कारण फिरत्या पात्यांमुळे यंत्रात वीज साठते आणि तिचा जबर झटका बसतो. मग विंच केबल सतत ताणून धरते. जहाजाच्या हेलकाव्यांत मधूनच शांत क्षण येतात. तो आला की वैमानिक खाली येतो, पोटाखालचा दांडा सापळ्याच्या जबड्यात जातो आणि जबडा मिटतो. तोच सापळा रुळांवरून यंत्राला हँगरमध्ये नेतो. पाती आणि शेपूट दुमडली की बावीस मीटरची लांबी पंधराच्या आत येते.

पाती थांबवतानाही धोका असतो. वेग कमी झाला की त्यांना ताठ ठेवणारा जोर जातो आणि डेकवरचा आडवा वारा एखादं पातं उचलून शेपटीवर आपटू शकतो. म्हणून रोटर ब्रेक लावून पाती झटपट थांबवायची आणि लगेच बांधायची.

सी किंगला शत्रूपेक्षा सुट्या भागांनी जास्त जमिनीवर बसवलं. यंत्र ब्रिटनच्या वेस्टलँडचं, पण मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकॉर्स्कीचा. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि सुटे भाग अडले. उडायला लायक सी किंगची संख्या घसरली. यंत्र विकत घेताना त्याच्या सुट्या भागांची वाट कुठून जाते हे बघणं किती महत्त्वाचं, हे तेव्हा नौदलाला फार महागात कळलं.

आतल्या दालनात टॉर्पेडो, पाण्यात फुटणारे बॉम्ब आणि सोनोबॉय (पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकणारी तरंगती उपकरणं) बघायला विसरू नका. बाहेर बघितलेल्या यंत्रांचं काम तिथे पूर्ण समजतं. आज सी किंगची जागा अमेरिकी एमएच ६० आर हेलिकॉप्टर घेत आहे, त्याची पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोचीत दाखल झाली. हंसा तळावर २०२१ पासून एचएएलच्या ध्रुव मार्क ३ हेलिकॉप्टरची तुकडी आहे. ध्रुवची पाती नौदलाला हव्या त्या मापात दुमडण्याचा प्रश्न बराच काळ अडून होता. सी किंगचा रोटर हेड, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात तो भाग, नीट बघितला असेल, तर प्रत्येक पात्याच्या मुळाशी बिजागरी, कुलपाची खीळ आणि हायड्रॉलिक नळ्या एवढ्याशा जागेत बसवायला काय लागतं ते दिसलेलं असतं.